‘स्टिफ’ आणि ‘ताठ’ : एका शब्दाचा अर्थेतिहास आणि कोरेगाव भीमाचा स्तंभ

प्रास्ताविक

शब्दांचा इतिहास हा भाषाशास्त्राचा प्रांत, आणि लढायांचा इतिहास हा इतिहासकारांचा, अशी वाटणी आपल्या महाविद्यालयीन विभागांमध्ये सोयीसाठी झालेली आहे. ती सोयीची असली तरी पुष्कळदा अपुरी पडते. एखाद्या समाजाने कोणत्या वागण्याला सद्गुण म्हटले आणि कोणत्या वागण्याला उद्धटपणा म्हटले, याचा पुरावा दफ्तरांपेक्षा शब्दकोशांत अधिक स्पष्टपणे सापडतो. प्रस्तुत निबंधात इंग्रजीतील ‘स्टिफ’ या नित्य वापरातील शब्दाचे मूळ व अर्थ पाहून, त्याच्या जोडीला मराठीतील ‘ताठ’ हा शब्द ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. या दोन शब्दांची गाठ एका विशिष्ट स्थळी पडते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते स्थळ म्हणजे पुणे जिल्ह्यातील, शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा.

‘स्टिफ’चे मूळ

‘स्टिफ’ हा शब्द इंग्रजीने कोणाकडून उसना घेतलेला नाही. प्राचीन इंग्रजीत तो ‘स्तीफ’ या रूपात, न वाकणारा या अर्थाने आढळतो. जर्मनमधील ‘श्टाइफ’ आणि डच भाषेतील ‘स्टेइफ’ ही त्याची भावंडे होत. त्याच्या मागे जो भारोपीय धातू कल्पिला जातो त्याचा अर्थ ‘दाबून भरणे, ठासून घट्ट करणे’ असा आहे. याच धातूपासून लॅटिनमध्ये दाबून भरणे या अर्थाचे ‘स्टिपारे’ हे क्रियापद आले आणि खुंट किंवा झाडाचे खोड या अर्थाचे ‘स्टिपेस’ हे नाम आले. ‘कॉन्स्टिपेशन’ हा वैद्यकीय शब्द त्याच ‘स्टिपारे’चा वंशज आहे, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात, पण व्युत्पत्ती मात्र विसरत नाहीत. लिथुएनियन भाषेतील या कुळातील ‘स्तिप्रुस’ या शब्दाचा अर्थ ‘बळकट’ असा आहे. म्हणजे मुळात या शब्दात दोष असा काही नव्हता. जे ठासून भरलेले आहे ते वाकत नाही, आणि जे वाकत नाही ते बळकट, एवढीच साधी कल्पना त्यात होती.

मध्ययुगीन इंग्रजीत हा चांगला अर्थच पुढे होता. शूर, खंबीर, निश्चयी पुरुषाला ‘स्टिफ’ म्हणत. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या ‘सर गवेन’च्या काव्यात खुद्द आर्थर राजाला हे विशेषण लावलेले आहे. तेराव्या शतकापासून निकराच्या लढाईलाही ‘स्टिफ’ म्हटले जाऊ लागले, आणि पुढे जोराच्या वाऱ्यालाही. शब्दाची घसरण नंतरची आहे. सतराव्या शतकाच्या सुमारास ‘स्टिफ’ माणूस म्हणजे अवघडलेला, औपचारिक, मोकळेपणा नसलेला माणूस असा अर्थ रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कडक मद्याला आणि न परवडणाऱ्या किमतीला हे विशेषण लागले, आणि त्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकी बोलीत त्याचा अर्थ चक्क ‘प्रेत’ असा झाला. आर्थर राजापासून शवागारापर्यंतचा हा प्रवास साडेचारशे-पाचशे वर्षांत झाला. इंग्रजांच्या भावनासंयमाचे बोधवाक्य मानला जाणारा, वरचा ओठ ताठ ठेवण्याचा वाक्प्रचार इंग्लंडमधला नसून अमेरिकेतला आहे, आणि त्याची सर्वात जुनी नोंद १८१५ सालची, म्हणजे आपल्या कोरेगावच्या लढाईच्या अवघी तीन वर्षे आधीची, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

याच अर्थाचा दुसरा शब्द ‘रिजिड’. तो मात्र लॅटिनमधून उसना आलेला आहे. लॅटिन ‘रिगोर’ म्हणजे ताठरपणा, विशेषतः थंडीने गारठून आलेला. तापात भरणाऱ्या हुडहुडीला डॉक्टर आजही ‘रायगर’ म्हणतात, त्यामागे हाच अर्थ आहे. भारतीय दंडसंहितेने १८६० साली ज्या शिक्षेला ‘रिगरस’ म्हटले, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही जी कायम ठेवली, ती मराठीत ‘सक्तमजुरी’ झाली. येथील ‘सक्त’ म्हणजे फारसी ‘सख्त’, कठीण. संस्कृतमधील ‘आसक्त’ या अर्थाच्या ‘सक्त’शी त्याचा काही संबंध नाही. लॅटिनमधील थंडीने आलेला ताठरपणा फारसीमार्गे मराठी तुरुंगात पोचला, असे थोड्या विनोदाने म्हणता येईल.

स्तब्ध, स्तंभ आणि थांबणे

‘स्टिफ’ आणि संस्कृत ‘स्तंभ’ हे शब्द ऐकताच ते सख्खे असावेत असा मोह होतो. अशा ध्वनिसाम्यावर आधारलेल्या व्युत्पत्त्यांनी आपल्याकडील कितीतरी लेखन नासवले आहे, म्हणून येथे स्पष्ट केले पाहिजे : हे दोन शब्द एका धातूचे नाहीत. संस्कृत ‘स्तम्भ्’ या धातूचा इंग्रजीतील नातलग म्हणजे काठी या अर्थाचा ‘स्टाफ’. आधार देणे, घट्ट रोवणे हा त्या धातूचा अर्थ. मात्र अर्थविकासाचे साम्य खरोखरच लक्षणीय आहे. लॅटिनमध्ये घट्टपणाच्या धातूपासून खुंट निघाला, संस्कृतमध्ये आधाराच्या धातूपासून खांब निघाला. (मराठीतील ‘खांब’ हा शब्द मात्र ‘स्कंभ’पासून आला, ‘स्तंभ’पासून नव्हे. ‘स्तंभ’चा मराठीतील खरा वारस म्हणजे ‘थांबणे’.)

याच धातूचे भूतकालवाचक विशेषण ‘स्तब्ध’. आजच्या मराठीत स्तब्ध म्हणजे निश्चल, शांत. ‘दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली’ हा आपल्या सभांचा नेहमीचा प्रघात. संस्कृतमध्ये या शब्दाचा रोख निराळा होता. छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून चोविसाव्या वर्षी घरी परततो, तेव्हा त्याचे वर्णन करताना त्याला ‘स्तब्ध’ म्हटले आहे. त्याचा अर्थ तो गप्प होता असा नाही. विद्येने फुगलेला, कोणापुढे न लवणारा असा तो झाला होता. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या माणसाचे आणि अठराव्या अध्यायात तामस कर्त्याचे लक्षण सांगताना हाच शब्द याच अर्थाने येतो. हिंदीतील ‘ठाढा’ म्हणजे उभा, आणि ‘ठंडा’, हे दोन्ही शब्द प्राकृतमार्गे ‘स्तब्ध’पर्यंत नेले जातात. लॅटिनप्रमाणे येथेही ताठरपणा आणि थंडी यांची जोडी जमली.

शरीराच्या पातळीवर हाच धातू रोगाचा झाला. आयुर्वेदातील वातविकारांत मान अवघडण्याला ‘मन्यास्तंभ’ म्हणतात. ‘मन्या’ म्हणजे मानेचा मागचा भाग, आणि मराठीतील स्त्रीलिंगी ‘मान’ हा शब्द त्यातूनच आला. पुल्लिंगी ‘मान’ म्हणजे सन्मान, तो निराळ्या मुळाचा. मराठीने या दोघांना एकाच उच्चारात आणून ठेवले आणि त्यामुळे ‘मान ताठ असणे’ या शब्दप्रयोगात शरीर आणि प्रतिष्ठा एकत्र आली. पुष्कळ भाषांना ही सोय मिळालेली नाही.

ताठ आणि ताठा

मराठीत ताठपणासाठी शब्दांची चणचण कधीच नव्हती. कडक, कठीण, ताठर, करारी, खंबीर, कर्मठ, निबर, अशी यादी सहज वाढवता येते. त्यांतील ‘कडक’ हा शब्द इंग्रजी ‘स्टिफ’च्या सर्वात जवळ जातो. चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक, भाकरी कडक, शिस्त कडक, सोवळे कडक. कपड्याला खळ देऊन आणलेला कडकपणा इंग्रजीत ‘स्टार्च’चा, आणि तो शब्दही मुळात ताठ, बळकट या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी विशेषणातूनच आलेला आहे.

लढाईच्या बाबतीत मात्र मराठी निराळी वाट धरते. इंग्रजी वृत्तांतात ज्या प्रतिकाराला ‘स्टिफ’ म्हटले जाते त्याला मराठी लेखक ‘ताठ प्रतिकार’ कधीच म्हणत नाही. तो ‘चिवट’ म्हणतो, ‘कडवा’ म्हणतो, ‘निकराचा’ म्हणतो. चिवटपणा हा ताठपणाच्या उलट आहे. चिवट वस्तू वाकते, ताणली जाते, पण तुटत नाही. गनिमी काव्याचा अनुभव असलेल्या भाषेने प्रतिकाराची प्रतिमा वेलीकडून आणि चामड्याकडून घ्यावी, खुंटाकडून घेऊ नये, यात नवल नाही. महापुरात वृक्ष वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात हा तुकोबांचा दृष्टान्त याच मनोवृत्तीचा आहे. त्याच वेळी ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हणही मराठीचीच. या दोन वचनांचा मेळ घालण्याचा प्रयत्न करू नये, समाजाच्या ठेव्यात परस्परविरोधी वचने असतातच. प्रश्न आहे तो कोणते वचन कोणाला सांगितले जाते हा.

या दृष्टीने ‘ताठ’ हा शब्द सर्वांत बोलका आहे. विशेषण म्हणून तो गौरवाचा : ताठ मान, ताठ कणा. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेनंतर तर पाठीचा कणा हे सुशिक्षित मराठी माणसाचे जणू गोत्र झाले. त्याच शब्दाचे नाम झाले की चित्र पालटते. ‘ताठा’ म्हणजे गर्व, घमेंड. आणि एक बारकावा असा की ‘मी ताठ मानेने जगतो’ असे माणूस स्वतःविषयी म्हणतो, ‘मला ताठा आहे’ असे कोणीही म्हणत नाही. ताठा नेहमी दुसऱ्याला असतो, आणि बहुधा खालच्याला येतो. ‘चार पैसे हाती आले आणि ताठा आला’, ‘शिकला आणि ताठा आला’ ही वाक्ये कोण कोणाविषयी बोलतो हे खेड्यात वाढलेल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. गावच्या पाटलाला ताठा आला असे क्वचितच ऐकू येते, त्याच्या बाबतीत तो ‘करारीपणा’ असतो. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवरील एका कार्यक्रमात एकच गुण स्वतःसाठी, समोरच्यासाठी आणि तिसऱ्यासाठी क्रमाने वाईट होत जाणाऱ्या विशेषणांनी सांगून दाखवला होता. मराठीत व्याकरणातील पुरुषांच्या जोडीला जातीचीही विभक्ती लागते.

बायबलाची साक्षही येथे उपयोगी आहे. हिब्रू बायबलात इस्राएल लोकांना वारंवार ‘कठीण मानेचे’ म्हटले आहे. जू मानेवर घेण्यास नकार देणाऱ्या बैलाची ती प्रतिमा आहे, असा तिचा अर्थ लावला जातो. विल्यम टिंडेल यांनी सोळाव्या शतकाच्या विसाव्या दशकात तिच्यासाठी इंग्रजीत ‘स्टिफ’ आणि ‘नेक’ यांचा जोडशब्द केला. मराठी बायबलाने तो ‘ताठ मानेचे लोक’ असा आणला. हा अनुवाद शब्दाला अचूक आहे, आणि तरीही मराठी कानाला विलक्षण आहे, कारण देवाच्या दृष्टीने जो दोष तो मराठी वाक्प्रचारात भूषण ठरतो. जू कोणाचे, यावर सारे अवलंबून आहे.

कोरेगाव, १८१८ आणि नंतर

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याच्याकडे मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतील सुमारे पाचशे शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. १ जानेवारी १८१८ च्या सकाळी भीमेकाठी त्याला दुसऱ्या बाजीरावाची कित्येक पटींनी मोठी फौज दिसली. त्याने कोरेगावचा आश्रय घेतला. दिवसभर गल्लीबोळांतून लढाई झाली. रात्रीची मजल करून आलेल्या शिपायांना अन्न नव्हते, नदी समोर असून पाणी नव्हते. काही गोलंदाजांनी शरणागतीचा विषय काढला असता स्टाँटनने तो धुडकावला असे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासग्रंथात नमूद केले आहे. सहा फूट सात इंच उंचीचा लेफ्टनंट पॅटिन्सन प्राणांतिक जखमी होऊन पडला असता पुन्हा उठला आणि बंदुकीचा दस्ता फिरवीत गमावलेली तोफ परत मिळवण्यास पुढे झाला, ही हकीगतही त्याचीच. सुमारे आठशे चौतीसपैकी पावणेतीनशे लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याने पेशव्यांचे सैन्य रात्री निघून गेले. स्टाँटननेही नंतर जखमींसह शिरूरच गाठले.

निखळ लष्करी अर्थाने ही कोणाची निर्णायक जीत नव्हती, असे म्हणणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. पण कंपनी सरकारने त्यात जे पाहिले ते मध्ययुगीन इंग्रजीतील ‘स्टिफ’, म्हणजे ठाम उभे राहणे. २६ मार्च १८२१ रोजी स्तंभाची पायाभरणी झाली. हा स्तंभ कोरेगावचा म्हणून ओळखला जातो, पण प्रत्यक्षात तो नदीच्या पुण्याकडील बाजूस, हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत आहे. त्यावर इंग्रजी व मराठीत लेख आहेत आणि मृतांची नावे आहेत. त्या नावांत ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महार शिपायांची, बावीस नावे मोजली जातात. त्याच पलटणीत मराठा, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्राएलही होते, तर पेशव्यांच्या बाजूने लढाईचा मोठा भार अरबांनी वाहिला. या शिपायांनी आपण कशासाठी लढलो हे लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या मनात पगार, इमान, पलटणीची इभ्रत की आणखी काही होते, हे त्यांच्या वतीने ठरवून टाकण्याची घाई दोन्ही बाजूंनी झाली आहे.

तथापि एक गोष्ट कागदपत्रांविनाही सिद्ध आहे. ती म्हणजे कवायत. हा शब्द अरबी ‘कायदा’चे अनेकवचन, नियमांचा संच. कंपनीच्या कवायतीत शिपायाला छाती पुढे, हनुवटी वर, नजर समोर ठेवून उभे राहावे लागे. गावगाड्यात ज्या माणसाला जोहार करताना लवावे लागे, त्यालाच पलटणीत लवणे हा गुन्हा ठरे. पेशवाईत पुण्यातील अस्पृश्यांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या ‘जातिसंहारा’वरील भाषणात लिहिले आहे. अशा समाजात शरीर ताठ करण्याचे शिक्षण पगार देऊन मिळणे याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. कंपनीचा हेतू काही समाजसुधारणेचा नव्हता, तिला बंदुका एका रेषेत हव्या होत्या.

हे शिक्षण ज्यांना मिळाले त्यांच्याकडून ते काढूनही घेतले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, लढवय्या जातींच्या सिद्धान्ताच्या नावाखाली महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. या अर्जांची भाषा नम्र आहे, किंबहुना ती तशीच असावी लागे. वाकून लिहिलेल्या अर्जात ताठ उभे राहण्याची जागा परत मागितलेली आहे, हा त्यातील विरोधाभास आपल्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसा वाचलेला नाही. पुढे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर या स्तंभापाशी आले. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये महाडचे चवदार तळे, आणि डिसेंबरमध्ये तेथेच स्त्रियांना उद्देशून केलेले पोशाखाविषयीचे भाषण. लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकून द्यावेत, या सूचना वरवर किरकोळ वाटतात. पण शरीरावरील खूण ही दर्जाची खूण असलेल्या समाजात त्या किरकोळ नव्हत्या. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या आरंभीच्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता.

याच काळात अभिवादनही बदलले. ‘जोहार’ मागे पडला आणि ‘जय भीम’ आला. त्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. जोहार हा शब्द म्हणताना मान खाली जाते, जय भीम म्हणताना ती वर जाते, आणि हा फरक कोणत्याही शब्दकोशात नोंदलेला नाही. मोल्सवर्थ आणि कँडी या कोशकारांनी १८३१, १८४७ आणि १८५७ च्या आपल्या कोशांत मराठीची अफाट शब्दसंपत्ती साठवली. दोघेही मुळात मुंबई फौजेतील अधिकारी. त्यांना कवायतीतील ताठपणा चांगला ठाऊक होता, आणि ‘ताठा’ म्हणजे काय हे त्यांना शिकवणारे शास्त्रीपंडित त्यांच्यापुढे बसलेले होते. पलटणीतील शिपाई कोशाच्या चौरंगाशी बसलेला नव्हता. त्यामुळे १९२० नंतर दलित चळवळीत ‘ताठ मान’ या शब्दांना जो सामूहिक अर्थ आला, त्याच्यासाठी आपल्याला वृत्तपत्रे, पोवाडे, जलसे आणि सभांचे वृत्तांत चाळावे लागतात. दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोशही या दृष्टीने पुन्हा तपासावयास हवा.

१ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, या परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा मृत्यू झाला आणि चौकशी आयोग नेमला गेला. त्या दिवसांतील वादाची भाषा पाहिली तर ‘ताठ’ आणि ‘ताठा’ यांतील जुनाच झगडा नव्या शब्दांत चालू असल्याचे दिसते. एकाला जो स्वाभिमान वाटतो तो दुसऱ्याला डिवचणे वाटते. दोघेही एकाच स्तंभाकडे पाहत असतात.

दरवर्षी त्या दिवशी समता सैनिक दलाचे स्वयंसेवक स्तंभाला मानवंदना देतात. या शब्दातील ‘मान’ पुल्लिंगी आहे, वंदनेत जी लवायची ती स्त्रीलिंगी. लष्करी पद्धतीच्या मानवंदनेत मात्र ती लवत नाही. त्या प्रसंगी दिला जाणारा ‘सावधान’ हा हुकूम शब्दशः ‘अवधानासह’ एवढाच आहे, त्यात ताठपणाचा उल्लेखही नाही. मंगलाष्टकात तोच शब्द उच्चारला जातो तेव्हा कोणी टाचा जुळवीत नाही.